मावशी कोणाच्या नोकरीत?

आईच्या शेवटच्या अडीच वर्षांत आमच्या पुण्यातल्या घरी एकूण अकरा बायका कामाला येऊन गेल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींची खरी नावे आज मला सांगता येणार नाहीत. सगळ्यांना आम्ही 'मावशी'च म्हणत होतो. ब्युरोचा माणूस फोनवर एकच प्रश्न विचारायचा, "पेशंट चालता आहे की पडून?" त्यावर दर ठरायचा. बारा तासांची ड्युटी, चोवीस तासांची ड्युटी, जेवण घरचे की डब्याचे, एवढे बोलणे झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कापडी पिशवीत गाऊन आणि चपलांचा एक जोड घेऊन कुणीतरी दारात उभे असायचे.

दहाव्या मावशी चाळिशीच्या होत्या. हाताला हलक्या, आवाजाने खणखणीत. एका सकाळी आईला कमोडच्या खुर्चीवरून उठवून आंघोळीला नेताना ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. पडताना त्यांनी आईला अंगावर घेतले. आईला खरचटलेसुद्धा नाही. मावशींचे उजवे मनगट मात्र असे मोडले की प्लेट घालावी लागली. मी ब्युरोला फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आले, "सर, आम्ही फक्त गाठ घालून देतो. बाई तुमच्याकडे कामाला आहे. उद्यापासून बदली पाठवू का?"

मी रुग्णालयाचे बिल भरले, वर दोन महिन्यांचे पैसे दिले. नातेवाइकांत माझे कौतुक झाले, आणि खरे सांगायचे तर मलाही ते आवडले. चार महिन्यांनी मावशी भेटायला आल्या तेव्हा त्यांना चहाचा कप डाव्या हाताने धरावा लागत होता. पेशंट उचलण्याचे काम आता त्यांना कुणी देत नव्हते.

मी वकील नाही आणि विमा एजंटही नाही. जुने कायदे, गॅझेटे आणि अहवाल वाचण्याची खोड मात्र आहे. त्या दिवसापासून एक साधा प्रश्न डोक्यात बसला: मी दिले ते माणुसकीने दिले, की ते देणे मी लागतच होतो? लागत असेन तर किती? आणि मी नाही, तर कोण? हा लेख म्हणजे त्या प्रश्नामागे केलेल्या वाचनाची मांडणी आहे.

सुरुवात 'मालक कोण' इथून करावी लागते. नुकसानभरपाई असो की विमा, कायद्याची प्रत्येक वाट या एका चौकातून जाते. त्यासाठीची जुनी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा इथल्या मिठागरांच्या खटल्यात मांडली. मीठ पिकवणारे आगरिया हे कंपनीचे कामगार की स्वतंत्र कंत्राटदार, असा तो वाद होता. निकाल १९५६ अखेरीचा आहे. काम काय करायचे एवढेच नव्हे, तर ते कसे करायचे हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तो मालक, असे त्याचे सार. पुढच्या काळात न्यायालयांनी या कसोटीला इतर निकष जोडले. पगार कोण देतो, कामावरून कोण काढू शकतो, साधने कोणाची, बदली माणूस पाठवण्याची मुभा कोणाला, हेही पाहिले जाऊ लागले.

आता हे निकष आमच्या घराला लावून पाहा. आंघोळ किती वाजता, नळीतून दूध किती वेळाने, कुशीवर कधी वळवायचे, हे आम्ही सांगत होतो. कमोडची खुर्ची, हवेची गादी, हातमोजे आमचे. पैसे मात्र आम्ही ब्युरोला देत होतो. दिवसाचे साडेसातशे. त्यातले दीडशे कापून सहाशे मावशींच्या हाती पडत. सुट्टी ब्युरो देणार, बदली ब्युरो पाठवणार, आणि बाई आवडली म्हणून परस्पर ठेवून घेतली तर दंड आकारू, असे ब्युरोच्या छापील फॉर्मवर होते. त्याच फॉर्मच्या तळाशी बारीक टाइपात 'आमची संस्था केवळ मध्यस्थ असून सेविकेच्या वर्तनास अथवा तिला होणाऱ्या इजेस जबाबदार नाही' असेही होते. म्हणजे दीडशे रुपये घेताना बाई त्यांची, आणि मनगट मोडल्यावर आमची. कागदावर कुणी स्वतःला काय म्हणवून घेतले आहे यावर न्यायालय थांबत नाही, प्रत्यक्ष व्यवहार पाहते. पण मनगट मोडलेली बाई तिथवर पोचणार कशी, हा वेगळा प्रश्न.

या फरकाची दुसरी बाजू ग्राहक कायद्यात दिसते. १९९५ साली व्ही. पी. शांता यांच्या प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच निकालात एक बारीक भेद आहे. जिथे मालक-नोकर असे नाते असते, तिथली व्यक्तिगत सेवा या कायद्याबाहेर राहते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तो अपवाद कायम आहे. त्यामुळे बाई तुम्ही थेट ठेवली असेल, तर तिच्या हलगर्जीबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, तिचे मालक तुम्हीच असता. ब्युरोकडून सेवा विकत घेतली असेल, तर तुम्ही ब्युरोचे ग्राहक. एकाच गाऊनमधली एकच बाई, पण कागद बदलला की तिच्याशी असलेले तुमचे कायदेशीर नाते बदलते.

समजा, मालक मीच ठरलो. मग देणे किती? इथे मला थोडे मागे जावे लागेल, कारण गंमत मागेच आहे.

इंग्लंडमध्ये कामगार नुकसानभरपाईचा पहिला कायदा १८९७ चा. त्याचे मोठेपण असे की मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज त्याने काढून टाकली. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढे पुरे. तो फक्त रेल्वे, कारखाने, खाणी, बांधकाम अशा धोक्याच्या उद्योगांपुरता होता. १९०६ च्या सुधारित कायद्याने ही कक्षा फार वाढवली आणि घरातल्या नोकरांनाही आत घेतले. १ जुलै १९०७ ला तो लागू झाला आणि स्वयंपाकीण जिन्यावरून पडली तर भरपाई मालकिणीने द्यायची, अशी वेळ आली. विमा कंपन्यांनी घरनोकरांसाठी स्वस्त पॉलिस्या काढल्या आणि घरोघरच्या मालकिणींनी त्या घेतल्या.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १९२३ साली, त्याच सरकारच्या राज्यात हिंदुस्थानचा वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट झाला. तत्त्व इंग्लंडचेच घेतले, चूक सिद्ध न करता भरपाई. पण इथे कायदा सर्वांना लागू न करता एक यादी जोडली. यादीत जो, तो कामगार. घरातला नोकर त्या यादीत आला नाही. साहेबाच्या बंगल्यावर आया, खानसामा, हमाल अशी फौज असायची, तिची जबाबदारी साहेबावर येऊ नये असे कुणाच्या मनात होते का, याचा पुरावा माझ्या हाती नाही. पण शंका येते, ती लपवत नाही.

ही दुसरी अनुसूची मी अनेकदा वाचली आहे. तिच्यात हत्ती आणि जंगली जनावरे सांभाळणारा आहे. ताडामाडाच्या झाडावर चढून रस काढणारा आहे. लाकडाचे ओंडके नदीतून वाहून नेणारा आहे. मोटारीवरचा चालक, क्लीनर, मदतनीस तर थेट 'कामगार' या व्याख्येतच आहेत. नव्वद किलोच्या माणसाला दिवसातून आठ वेळा कुशीवर वळवणारी बाई नाही. २००० सालच्या दुरुस्तीने 'नैमित्तिक' कामगारांना वगळणारे शब्द काढून टाकले, २००९ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावातला 'वर्कमन' जाऊन 'एम्प्लॉयी' आला, पण यादी राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. संहितेने भरपाईच्या प्रकरणासाठी यादीचीच पद्धत ठेवली आहे. घरी जाता-येता झालेला अपघातही ठराविक परिस्थितीत कामावरचाच धरावा, अशी चांगली तरतूद तिने केली. मात्र तिचा फायदाही यादीत असणाऱ्यालाच.

याचा अर्थ रुपयांत पाहू. जुन्या कायद्याच्या हिशेबात मासिक वेतन जास्तीत जास्त पंधरा हजार धरले जाई. ही मर्यादा जानेवारी २०२० मध्ये आठ हजारांवरून वाढली होती. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाच्या साठ टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. चाळीस वर्षांचा गुणक १८४.१७. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, बरोबर १६,५७,५३० रुपये. मृत्यू झाल्यास साठऐवजी पन्नास टक्के, म्हणजे १३,८१,२७५. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरने ठरवायचे आणि तेवढा वाटा द्यायचा. मावशींच्या जागी आमच्या गाडीचा चालक असता, वय तेच, पगार तितकाच, आणि डॉक्टरने वीस टक्के घट लिहिली असती, तर देणे ३,३१,५०६ रुपये झाले असते. महिन्याभरात दिले नाही तर बारा टक्के व्याज वेगळे. माझ्या ज्या दातृत्वाचे कौतुक झाले होते, ते रुग्णालयाचे बिल धरूनही या आकड्याच्या निम्म्याला पोचत नव्हते.

यादीत नाही म्हणजे मालक सुटला, असेही नाही. सामान्य दिवाणी दायित्व उरतेच. कामाची जागा सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. न्हाणीघरात धरायला दांडी नाही, फरशी गुळगुळीत, मदतीला दुसरे माणूस नाही, अशी हयगय दाखवता आली तर भरपाईचा दावा होऊ शकतो. मृत्यू झाल्यास वारसांना १८५५ च्या फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टचा आधार आहे. पण इथे चूक सिद्ध करावी लागते, तीही दिवाणी न्यायालयात, वकील लावून. १८९७ साली इंग्लंडच्या खाणकामगाराला जी पायरी चढावी लागली नाही, ती आज आपल्या घरातल्या बाईला चढावी लागते.

आता विमा. आपल्याकडचा सुशिक्षित माणूस इथे एक गैरसमज करून घेतो, आणि मीही घेतला होता. वाटते, घराचा विमा आहे ना, मग त्यात सगळे आले. २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देतात. ती आग, पूर, भूकंप अशा आपत्तींत घराची आणि सामानाची भरपाई करते. तिच्यात वैयक्तिक अपघाताचे ऐच्छिक संरक्षणही आहे, पाच लाखांचे. पण ते घरमालक आणि त्याच्या जोडीदारासाठी. घरात काम करणाऱ्या माणसाचा त्यात पत्ता नाही.

जुन्या धाटणीच्या गृहस्थ पॉलिसीत मात्र दायित्वाचा एक भाग असतो आणि त्यात घरनोकरांबाबतची मालकाची जबाबदारीही घेता येते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या विलायती पॉलिस्यांचा हा वारसा असावा, असे मला वाटते. हा भाग ऐच्छिक असतो. पॉलिसी विकणाऱ्याला तो सहसा आठवत नाही, घेणारा विचारत नाही. याशिवाय स्वतंत्र 'एम्प्लॉयीज कॉम्पेन्सेशन' पॉलिसीही मिळते.

खरी मेख पुढे आहे. दायित्वाचा विमा म्हणजे तुमच्या कायदेशीर देण्याचा विमा. कायद्याने तुम्ही देणे लागत नसाल, तर कंपनीही काही देणे लागत नाही. या विम्याच्या जुन्या दरपत्रकात दोन तक्ते असत. पहिला कायद्याच्या यादीतल्या कामगारांसाठी, दुसरा यादीबाहेरच्यांसाठी. दुसऱ्या तक्त्यात १८५५ चा कायदा आणि सामान्य दायित्व एवढेच येई. म्हणजे मालकाची चूक शाबीत झाली तरच पैसे. मावशी घसरल्या, फरशी ओली होती, यात चूक कोणाची? आंघोळीच्या वेळी फरशी ओलीच असते. मी प्रामाणिकपणे हप्ते भरत आलो असतो, तरी त्या सकाळच्या अपघातात मावशींच्या हाती कदाचित शून्य पडले असते आणि मी मात्र 'विमा काढलेला आहे' या समाधानात राहिलो असतो. म्हणून अशी पॉलिसी घेणाऱ्याने एकच वाक्य लेखी मागावे: घरी रुग्णाची सेवा करणाऱ्या बाईला, चूक सिद्ध न करता, कायद्यातल्या गुणकाप्रमाणे भरपाई मिळेल की नाही. उत्तर तोंडी आले तर ते उत्तर नव्हे. दुसरे म्हणजे संरक्षण नावाने आहे की पदाने, हे पाहावे. ब्युरोच्या बायका आठवड्याला बदलतात. पॉलिसीत एकीचे नाव आणि पडली दुसरीच, तर कागद कोरा.

त्यापेक्षा सरळ मार्ग वैयक्तिक अपघात विम्याचा. तो तिच्या नावाने असतो, हप्ता तुम्ही भरायचा. मालक कोण, चूक कोणाची, यादीत आहे की नाही, यांपैकी काहीही न विचारता ठरलेली रक्कम मिळते. घर बदलले तरी विमा तिच्याबरोबर जातो. त्यात 'तात्पुरते पूर्ण अपंगत्व' हा भाग जरूर घ्यावा. हात प्लास्टरमध्ये असताना दर आठवड्याला काही रक्कम मिळते ती त्यातूनच, आणि रोजावर जगणाऱ्या माणसाला सर्वांत आधी तीच लागते. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला वीस रुपये आहे, वय अठरा ते सत्तर, बँकेत खाते हवे. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख. वीस रुपयांत हे वाईट नाही. पण अंशतः म्हणजे एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा जाणे. मावशींचे मनगट त्यात बसत नव्हते.

सरकारकडून काय? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. देशातल्या अशा सुरुवातीच्या कायद्यांत त्याची गणना होते, आणि अपघातात तातडीची मदत हा त्याच्या घोषित हेतूंपैकी एक. मंडळाची वाटचाल मात्र अडखळत झाली. नोंदणीसाठी बाई कुठे काम करते याचा दाखला लागतो, आणि तो द्यायला भलेभले कचरतात. "सही केली तर उद्या अंगाशी येईल," हे वाक्य मी एका निवृत्त प्राध्यापकांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांच्याकडे तीच बाई नऊ वर्षे होती. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने बाजूने मत दिले, पण तो स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट हवी का, याचा विचार करायला केंद्राने समिती नेमावी, असे सांगितले.

या विषयावर मी बोलू लागलो की परदेशी मुले असलेले परिचित हमखास एक गोष्ट सांगतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने घरमालकाची दायित्व पॉलिसी घेतली, तर घरकाम करणाऱ्यांच्या अपघाताची भरपाई तिच्यात असावीच लागते; तिथल्या विमा कायद्याने तसे बंधन घातले आहे. तीच मुले पुण्यात आईवडिलांसाठी व्हिडिओ कॉलवर बाई ठरवतात आणि पैसे ब्युरोच्या खात्यात पाठवतात. तिथे जो प्रश्न कधी विचारावाच लागला नाही, तो इथे विचारण्याचे सुचत नाही. दोष त्यांचा नाही. पॉलिसी विकणाराही सुचवत नाही.

आता उलट बाजू, थोडक्यात. बाईच्या हातून पेशंट पडला तर? थेट ठेवलेली असेल तर तिच्याकडून वसूल करण्यासारखे काही नसते. ब्युरोची असेल तर ग्राहक आयोगाची वाट आहे. नर्स म्हणून पाठवलेली बाई महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे पाहिले नसेल तर दोष आपलाही निघतो. नाकातून नळी घालणे, इंजेक्शन देणे ही कामे आयाबाईकडून करून घेऊन आपण दोनशे रुपये वाचवतो, आणि जोखीम वाढवतो ती तिची आणि पेशंटची. चोरीचे म्हणाल, तर घरफोडीच्या बहुतेक पॉलिस्यांत घरातल्या माणसाने केलेली चोरी वगळलेली असते. नोकरांच्या चोरीचे संरक्षण वेगळे मागावे लागते. गंमत अशी की ब्युरोच्या फॉर्मवर पोलीस पडताळणी, आधार, फोटो याला अर्धे पान दिलेले असते. तिला इजा झाली तर काय, याला तळची एक ओळ.

शेवटच्या, अकराव्या मावशी आल्या तेव्हा मी ब्युरोला तीन गोष्टी लेखी विचारल्या: मालक कोण, कर्मचारी किती, आणि विमा कोणता. संहितेनुसार दहा कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कर्मचारी राज्य विमा लागू होतो, हेही पत्रात लिहिले. उत्तर आले नाही. फोन आला, "सर, एवढे कागद लागत असतील तर तुम्ही दुसरीकडे बघा." मग मावशींशी बोलून मी त्यांना थेट ठेवले. महिन्याचा पगार, आठवड्याची सुट्टी आणि कामाची यादी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. न्हाणीघरात दोन दांड्या बसवल्या. साडेआठशे रुपये लागले, मजुरी धरून.

मग अपघात विम्याचा फॉर्म भरायला एजंटला घरी बोलावले. अशा विम्यात 'व्यवसाय' या रकान्याला महत्त्व असते, जोखीम आणि हप्ता त्यावर ठरतो, आणि तिथे खोटे लिहिले तर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येते. एजंट म्हणाला, "गृहिणी टाकू या, हप्ता कमी बसेल." मी मावशींकडे पाहिले. त्या आईची उशी सारखी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गृहिणी माझ्या घरी. इथे आया लिहा."